ताडपत्रीचं शीड

प्रसेनजितनं दोरी ओढली, डोलकाठीला गुंडाळलेली ताडपत्री सुटली आणि वाऱ्यानं तिचा एक कोपरा उचलून फाट्‌कन आपटला. तेवढंच झालं. पण माझ्या हातातला डबा कलंडला आणि दिवाळीचा निम्मा चिवडा नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यात गेला. सारिका खिदळली. "प्रेरणे, अजून निघालो बी नाई, आन् तू सांडून मोकळी!" मीही हसले, अशा वेळी हसावंच लागतं. हसता हसता दादाकडं पाहिलं. दादा हसत नव्हता. तो ताडपत्री वरपासून खालपर्यंत पाहत होता आणि उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत होता. घरी जोराचा वारा सुटला की तो असाच घासतो. झालं, मी मनात म्हटलं, आता हा दिवस काही नीट जायचा नाही.

शीड म्हणजे पांढरं असणार, कॅलेंडरवर असतं तसं, असं मी धरून चालले होते. हे बाहेरून निळं, आतून पिवळं, कडेनं पितळी कड्या ठोकलेलं. आमच्या जानेफळात कोणाच्याही खळ्यावर जा, हीच ताडपत्री. प्रसेनजित मोठ्या कौतुकानं सांगत होता, जुनं शीड उंदरांनी खाल्लं, नवीन मागवायचं तर थेट मुंबईहून, म्हणून खामगावच्या बाजारातून ही आणली, स्वतः मापानं कापली, शिंप्याकडून शिवून घेतली. "इतके दिवस सोयाबीन झाकलं, आता माणसं फिरवते. काय गोकुळभाऊ?" दादा म्हणाला, "हो नं. जाड हाय." बस, एवढंच. सारिका फोनवर नुसतं 'शिडाची नाव' म्हणाली होती. ताडपत्री म्हणाली असती तर पोट दुखतं सांगून मी घरी बसले असते, आणि दादाला तर काही केल्या आणलं नसतं. बुलडाण्यात आमच्या फ्लॅटसमोरच्या इमारतीवर कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागलेलं असतं. त्याची एक कडा सुटली की मी खिडक्या लावून घेते आणि टीव्हीचा आवाज वाढवते. नवरा म्हणतो, तुझं काहीतरीच. असेल. माझं काहीतरीच आहे, पण ते दादाचं त्याहून जास्त आहे, आणि तो मात्र रोज त्याच शेतात जातो.

सारिका आणि मी मेहकरला एकत्र बीएड केलं. ती तिकडं शाळेत लागली, मी बुलडाण्यात विज्ञान शिकवते. तिचा नवरा प्रसेनजित नेव्हीत पंधरा वर्षं काढून परत आला आणि इथं त्याला समुद्राशिवाय करमेना. माणसं निवृत्त झाल्यावर प्लॉट घेतात, यानं कुठल्याशा क्लबात पडलेली जुनी नाव घेतली आणि धरणाच्या पाण्यात आणून सोडली. धरणाचं पाणी आमच्या गावापासून मोटरसायकलनं दहा मिनिटांवर आहे. तिथं दोन टेकड्यांमध्ये पाण्याचा एक हात आत शिरलाय, त्याला लोक बगल म्हणतात. पाणी तिथं परातीतल्यासारखं असतं. दर रविवारी प्रसेनजित तिथं. दिवाळीला मी माहेरी आलेलीच होते, काल भाऊबीज झाली, आणि आज सारिकानं हट्टच धरला. मी कशीबशी हो म्हणाले तर दादा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "चाल, मी बी येतो. तुले एकटीले पाण्यात नाई सोडत." आमच्या घरात पोहता कोणालाच येत नाही. दादालाही नाही. मी त्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, "मंग काय झालं? दोघंबी नाई पोहणार." हा असा माणूस.

प्रसेनजितनं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं दिली. दादाच्या जॅकेटचा चाप कट्‌कन बसला, तो त्यानं उघडून पाहिला, पुन्हा बसवला, आणि मग त्याच्यावर विश्वास नाही म्हणून दोन्ही पट्ट्यांची वरून गाठ मारली. गाठ मारून ओढून पाहिली. सारिकानं मला कोपर मारलं. आम्ही दोघी मान खाली घालून हसत होतो. नाव काठावरून ढकलली गेली, पायाखालची फळी हलली, आणि प्रसेनजित मागं सुकाणूशी बसत म्हणाला, "आता शिडाची दोरी एकानं धरा लागन. मी सुकाणू पाहतो. गोकुळभाऊ, तुमचा हात मजबूत. ही घ्या." आणि त्यानं दोरीचं टोक दादाच्या हातात दिलं. "एकच गोष्ट ध्यानात ठेवा. दोरी हातात धराची, बांधाची नाई. कुठीच नाई, कदीच नाई. वारा जोराचा आला का सरळ सोडून द्याची. शीड मोकळं होते, नाव आपली आपण उभी राह्यते. सोडलं का सगळे वाचले. समजलं?"

"समजलं," दादा म्हणाला.

ऑक्टोबरचं ऊन पाठीवर होतं. साऱ्या मेहकर तालुक्यात वारा आल्यावर हातातली ताडपत्री सोडून देऊ न शकणारा एकच माणूस असेल, आणि प्रसेनजितनं हौसेनं नेमकं त्याच्याच हातात टोक दिलं होतं. प्रसेनजितची काय चूक? त्याला माहीतच नव्हतं. सारिकालाही नव्हतं. तिला एवढंच ठाऊक की माझे वडील शेतात पडले आणि खाटेला खिळले. आमच्याकडं ही गोष्ट अशीच सांगतात, पडले म्हणून. मी तोंड उघडलं. म्हणणार होते, दोरी माझ्याकडं द्या. पण का, असं कोणी विचारलं असतं तर? दादाच्या समोर, त्या एवढ्याशा नावेत, जिथं कोणाला उठून बाजूला जाता येत नाही, तिथं मी काय सांगितलं असतं? मी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं.

बाबा पडले तेव्हा दादा दहावीत होता आणि मी पाचवीत. दिवस हेच, दिवाळीच्या पुढचेमागचे. सोयाबीन सोंगून शेतात कापल्या पिकाची सुडी रचलेली होती, मळणीचं मशीन दुसऱ्या दिवशी यायचं होतं. भर दुपारी लोणारकडून आभाळ काळं होत आलं. बाबा आणि दादा ताडपत्री घेऊन धावले, एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला दादा. आई दगड गोळा करत होती. मला बांधावरच्या बाभळीला धरून उभं राहायला सांगितलं होतं, मी उभी होते. वारा ताडपत्रीखाली शिरला. आधी ती फुगली, मग तिचा सगळा भाग एकदम जमिनीवरून उचलला गेला, आणि दादाचे पाय सुटलेले मी पाहिले. खरंच सुटले होते, कमरेइतका वर गेला होता तो, वाळलेला पोरगा, हाफ पँटीतला. त्या गलक्यात कोणाचं काही ऐकू येत नव्हतं, नुसती फडफड. बाबांचं तोंड मोठं उघडलेलं दिसलं. मग दादा खाली पडलेला दिसला, रिकाम्या हातांनी. आणि बाबा वर. बाबांनी दोरी हाताला गुंडाळून घेतलेली होती. ताडपत्री त्यांना घेऊन बांधापलीकडं गेली, आणि तिथं वावरातून वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग होता. बाबांचं ते उघडं तोंड मी अजून पाहते. झोपेत नाही, जागेपणी, वर्गात फळा पुसताना. ते किंचाळत होते असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

बाबा जगले. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून ते ओसरीवरच्या खाटेवर आहेत. नात्यातलं, गावातलं कोणी भेटायला आलं की आई, म्हणजे तानुबाई, पदर डोळ्याला लावून एकच वाक्य बोलते. "पोरगं होतं हो, भेलं, सोडून देल्लं हातचं. त्याची काय गलती?" दादाला पांघरूण घालायला म्हणून बोलते ती, माझ्या आईचा जीव आहे त्याच्यावर. आणि दादा तेव्हा पाहुण्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा असतो. आई वाक्य संपवते, मग तो ट्रे पुढं करतो. बाबा भिंतीकडं तोंड करतात. कोणी त्यांना विचारलं, काय भगवानराव, कसं झालं होतं, तर म्हणतात, "झालं तसं झालं." दादानं दहावीनंतर शाळा सोडली. नांगर, फवारा, बाबांना उठवणं, बसवणं, आंघोळ, सगळं त्याच्यावर. आणि तेव्हापासून तो गाठी मारतो. गॅसचं सिलेंडर स्कूटरवर बांधेल तर असं की गावातल्या दोघांनी मिळून सोडवावं. पोरीच्या बुटाच्या नाड्यांना तीन गाठी. राखीवहिनी कपाळाला हात लावते, "यायनं चेनवाली बॅगबी सुतळीनं बांधली व माय, एसटीत लोकं पाहून राह्यले!" आम्ही हसतो. तोही हसतो. का बांधतो ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

नाव चालायला लागली होती. चालते कशी तेच कळत नव्हतं, आवाज नाही, धक्का नाही, काठावरची आमची मोटरसायकल नुसती लहान होत गेली. ताडपत्री पोट काढून शांत उभी होती. सारिकानं पाण्यात हात सोडला आणि म्हणाली, "पाह्य ना, कसं गारेगार!" मी हात सोडला नाही. पाणी हिरवं होतं आणि हातभर खाली काही दिसत नव्हतं. "घाबरू नोको व," प्रसेनजित मला म्हणाला. "तीन बाजूनं टेकड्या हाय. समुद्रात आडोशाचं बंदर असते नं, तसंच हे. इथं वारा येते त विचारून येते." मी त्या टेकड्यांकडं पाहिलं. त्यांतल्या दोन टेकड्यांच्या मध्ये एक खिंड होती, दात पडल्यासारखी, आणि तिच्या पलीकडचं आभाळ इकडच्यापेक्षा जरा मळकट होतं. प्रसेनजितची पाठ तिकडं होती. मी त्याला सांगितलं, तर त्यानं मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, धूळ आहे, कोणीतरी मशीन लावलं असेल. पटण्यासारखं होतं. सोयाबीनच्या दिवसांत धूळ असतेच. मला पटलं नाही.

मी दादाचा हात पाहत बसले. दुसरं काही पाहताच येईना. दोरी तळव्यातून गेलेली, मूठ आवळलेली, बोटांचे सांधे पांढरे. त्या हातानं काल मी ओवाळताना सुपारी घेतली होती. शीड ओढतं म्हणे, प्रसेनजित म्हणाला होता, सवय नसली की हात भरून येतो. भरून आलाच असेल. थोड्या वेळानं दादानं दोरीचा एक वेढा तळव्याभोवती घेतला. मग दुसरा. सारिका कुठल्यातरी मुख्याध्यापिकेची नक्कल करत होती, प्रसेनजित मोठ्यानं हसत होता, आणि मी हसत हसत दादाच्या मनगटाकडं पाहत होते. तिसरा वेढा मनगटावर गेला. दादाचं लक्ष हाताकडं नव्हतंच, तो खिंडीकडं पाहत होता. डावा हात आपला आपण आला, टोक खालून काढलं, वरून घेतलं, ओढलं. गाठ. ती गाठ मी ओळखते. सुडीवरची ताडपत्री खुंटीला बांधतात ती, वारा जितका ओढेल तितकी ती घट्ट होते. आमच्याकडच्या पोरांना ती पाढ्यांच्या आधी येते.

"दादा," मी हळूच म्हटलं, "ती बांधू नोको म्हणले नं ते."

"कुठी बांधली? हातातच हाय."

"मनगटाले बांधली तू."

"अवं, हात म्हणजे मनगटच असते." तो हसला. पण दोरी सोडली नाही.

"मले दे थोडा वेळ. मले बी पाहू दे."

"तुले नाई झेपत, परे. बस गुमान. चिवडा खाय."

प्रसेनजितनं विचारलं, काय चाललंय भाऊ-बहिणीचं. दादा म्हणाला, काही नाही, तिला भ्या वाटून राह्यलं. आणि त्यानं हात गुडघ्याच्या आड घेतला, प्रसेनजितला दिसणार नाही असा. म्हणजे त्याला माहीत होतं. आपण काय करतोय ते त्याला नीट कळत होतं, आणि तरी त्याच्याकडून दुसरं काही होणार नव्हतं. मला त्याचा इतका राग आला की वाटलं, तिथंच उभं राहून ओरडावं, अरे, तेव्हा तू पोरगा होतास, किती दिवस हे मनगटाला बांधून फिरणार आहेस? आणि त्याच क्षणी त्याची इतकी दया आली की मी चिवड्याचा डबा पुन्हा उघडला आणि त्याच्या डाव्या हातावर चिमूटभर शेंगदाणे ठेवले. त्याला चिवड्यातले शेंगदाणे आवडतात, लहानपणापासून. त्यानं ते एकदम तोंडात टाकले.

खिंडीकडून पाणी काळं पडत आलं. ढगाची सावली येते तसं, पण सावली इतक्या घाईनं येत नाही. त्या काळ्या पट्ट्याच्या अलीकडं पाणी अजून हिरवं, गुळगुळीत होतं आणि आमची नाव त्यात होती. प्रसेनजितनं मागं वळून पाहिलं. त्याचा चेहरा मी पाहिला आणि मग मला दुसऱ्या कोणी काही सांगायची गरज राहिली नाही. "गोकुळभाऊ, सोडा," तो म्हणाला. साध्या आवाजात म्हणाला, बाजूला सरका म्हणावं तसा. ताडपत्री एकदम फुगली. डोलकाठी कण्हली. "सोडा! दोरी सोडा हो!" नावेची माझ्याकडची बाजू वर उचलली गेली, दादाची खाली गेली, त्याच्या मांडीवरून पाणी आत यायला लागलं. सारिका किंचाळली. मीही ओरडले असेन, काय ते आठवत नाही. दादा दोन्ही पाय फळीला लावून, दोन्ही हातांनी दोरी धरून मागं रेलला होता. दात आवळलेले. त्याच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. इतकं समाधान मी त्याच्या तोंडावर लग्नातही पाहिलं नव्हतं. मग नाव आडवी झाली.

पाणी नाकात, कानात. जॅकेटानं मला बुचासारखं वर आणलं. सारिका नावेच्या शेपटाशी लटकलेली दिसली. प्रसेनजित पलीकडं, नावेच्या पोटातून खाली निघालेली जी फळी असते तिच्यावर चढून उभा होता आणि काठाला लोंबकळून अख्ख्या अंगाचा भार देत होता. "उलटी होऊन राह्यली! मी पेलतो, तुमी शिडाकडून बाहेर या! नाव पडन तुमच्या अंगावर!" ताडपत्री पाण्यावर पसरलेली होती आणि हळूहळू खाली चालली होती, डोलकाठीला घेऊन. आणि तिच्या नि नावेच्या मधल्या फटीत दादा. जॅकेट त्याला वर ओढत होतं, उजवा हात त्याला खाली ओढत होता. दोरी आडव्या दांड्याला, दांडा डोलकाठीला, डोलकाठी तळाकडं. त्याची हनुवटी पाण्यात होती. मी कशी पोहोचले ते मला माहीत नाही, मला पोहता येत नाही. मी त्याची कॉलर धरली. दुसरा हात पाण्याखाली घालून ती गाठ चाचपली. ओली गाठ, वाऱ्यानं आवळलेली, दगडासारखी. नखं लावली, नखं मोडली. तोंड पाण्यात घालून दात लावले. तोंडात दोरीची आणि रक्ताची चव आली. वर नावेचा काठ आमच्यावर झुकत होता, पलीकडून प्रसेनजितच्या धापा ऐकू येत होत्या.

"परे," दादा म्हणाला. पाणी त्याच्या ओठाशी होतं. "सोड."

मी नाही म्हणाले.

"सोड म्हणतो नं. नाव येऊन राह्यली अंगावर. तू नीघ. सोड मले."

त्यानं डाव्या हातानं माझी बोटं कॉलरवरून काढायचा प्रयत्न केला. एक काढलं, मी दुसरी आवळली. त्याचं तोंड पाण्याखाली गेलं, मी केस धरून वर काढलं. त्यानं पुन्हा तेच म्हटलं, खोकत, रागानं, थोरल्या भावाच्या आवाजात, ज्या आवाजाला मी आयुष्यात कधी उलट गेले नव्हते. मी काहीच बोलले नाही. बोलायला लागले असते तर कदाचित त्याचं ऐकलं असतं, म्हणून बोलले नाही. डोळे मिटले आणि धरून ठेवलं. किती वेळ, ते नका विचारू. मग कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात घातला, तंबाखूचा वास आला, विळा पाण्याखाली गेला आणि ओढ एकदम थांबली. मासे धरणारा सहदेव त्याचं जाळं तसंच टाकून डोंगा घेऊन आला होता. आम्हाला आत ओढून घेतलं तेव्हा मागं नाव पूर्ण उलटी झाली. ताडपत्रीचा निळा कोपरा शेवटी दिसला, मग तोही गेला.

काठावर ऊन तसंच होतं. वारा पडला होता. सहदेव आणि प्रसेनजित नाव आणायला परत गेले. प्रसेनजित जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. सारिका गाडीतून चादर आणायला वर चढली. दादा आणि मी दगडावर बसलो होतो. माझे दात वाजत होते आणि मला हसू येत होतं, खरंच, वेड्यासारखं हसू. दादा होता. माझ्या बाजूला ओला, खोकणारा, जिवंत दादा होता. मला वाटलं, जाताना मेहकरला जाऊन पेढे घेऊ.

"म्या तुले सोड म्हटलं होतं," दादा म्हणाला.

"ऐकलं म्या."

"मंग काऊन नाई सोडलं?"

"काऊन म्हणजे?" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. "तू काय भाजीची पिशवी हायस? सोड म्हटलं का सोडून देऊ? असं कोणी सोडते काय?"

तो पाण्याकडं पाहत म्हणाला, "बाबा बी असेच म्हणले होते."

"काय?"

"सोड म्हणले. म्या वर गेलो होतो नं, तवा. सोड गोकुळ, सोड. दोनतीनदा म्हणले. म्हणून म्या सोडली."

हसू माझ्या तोंडावरच राहिलं असेल, ते कधी गेलं मला कळलं नाही. बाबांचं ते उघडं तोंड. ओसरी. पदर डोळ्याला लावलेली आई, पोरगं होतं हो, भेलं. दारात ट्रे घेऊन उभा असलेला हा. आणि भिंतीकडं वळलेल्या बाबांची पाठ, जी रोज सकाळी हाच चोळतो. मी म्हटलं, "मंग तू कोणाले सांगतलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू? बाबाले माहीतच हाय. त्यायनं सांगाव." त्यानं नाक पुसलं. "मले वाटे, बापानं म्हटल्यावर सोडाच लागते. माणसाले दुसरं काई करताच येत नाई तवा. रोज वाटे मले असं. त्याच्यावरच काढले म्या इतके वर्ष."

मग त्यानं माझा हात घेतला. उलटा करून पाहिला, मोडलेली नखं पाहिली, त्यांत अडकलेले त्याच्या कॉलरचे दोरे पाहिले, एक एक बोट जवळ धरून पाहिलं.

"तू त नाई सोडलं," तो म्हणाला. "म्हणजे नाई सोडलं तरी जमत होतं त."

मी बोलत सुटले. दादा, तसं नाही, ते वेगळं होतं, आज जॅकेटं होती, प्रसेनजित होता पलीकडं, सहदेव आला, तू पोरगा होतास तेव्हा, काडीइतकं तर वजन होतं तुझं. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता, हो, हो, खरं हाय. बँकेचा माणूस दारात आला की हलवतो तशी. मला दिसत होतं की माझा एकही शब्द त्याच्यापर्यंत जात नाही. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता. सहदेवनं दोरी पलीकडून कापली होती, त्यामुळं गाठ मनगटावर तशीच होती, आणि तिच्याखालची चामडी काळीनिळी होत चालली होती. दुसरं काही करता येईना म्हणून मी म्हटलं, "आण तो हात. गाठ सोडून देते."

त्यानं हात मागं घेतला.

"राहू दे," दादा म्हणाला, आणि मोटरसायकलकडं जायला उठला. "बाबाले दाखवाची हाय."